ज्वालामुखीच्या काठावरचा चित्रकलेचा तास

ड्रॉइंगमास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आणि गेल्या वर्षी लेकीकडे होनोलुलूला दोन महिने राहून आलो. पहिल्या आठवड्यात समुद्र बघितला, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा समुद्र बघितला. मग लेक म्हणाली, "बाबा, म्युझियमला चला, नाहीतर तुम्ही घरातल्या भिंती रंगवाल."

तिथे एका चित्रापुढे पाय थबकले. ज्वालामुखी, रात्रीचा. चौफेर काळोख आणि त्यात पेटलेली लाव्हा. खाली नाव होतं जूल टॅव्हर्निए. (शिवकाळावरच्या पुस्तकांत भेटणारा हिरेव्यापारी टॅव्हर्निए तो हा नव्हे, माझाही आधी तोच घोळ झाला.)

घरी येऊन बाबाजींचं चरित्र शोधलं. माणूस म्हणजे कादंबरीच. जन्म १८४४, पॅरिस. चित्रकलेचं रीतसर शिक्षण तिथेच. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लढला, मग लंडन, मग न्यूयॉर्क. १८७३ मध्ये 'हार्पर्स वीकली'ने त्याला आणि पॉल फ्रेंझेनी नावाच्या दुसऱ्या चित्रकाराला अमेरिका आडवी ओलांडत चित्रं काढत जायला पाठवलं. कॅमेऱ्याचे फोटो तेव्हा छापता येत नसत, म्हणून साप्ताहिकाला चित्रकारच वार्ताहर म्हणून लागे. वाटेत १८७४ मध्ये नेब्रास्कात त्याने सू या तिथल्या मूळ रहिवाशांचा सूर्यनृत्याचा विधी बघितला. पुढे सॅन फ्रान्सिस्को, मग कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरचं माँटरे. माँटरेला त्याच्याभोवती चित्रकारांची वस्तीच जमली. १८७८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या पोमो लोकांचं, जमिनीखालच्या गोल घरात चाललेल्या नाचाचं चित्र पुरं केलं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

एवढं सगळं असून खिशात मात्र दमडी नाही. दारू भरपूर, उधारी त्याहून भरपूर. १८८४ च्या डिसेंबरात देणेकऱ्यांना मागे ठेवून स्वारी बोटीने हवाईला निघाली. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्य नव्हे, स्वतंत्र राजेशाही होती, गादीवर राजा कालाकौआ.

होनोलुलूपासून दुसऱ्या बेटावरच्या हिलो गावापर्यंत बोट आणि तिथून सुमारे तीस मैल घोड्यावर, असा किलाउएआ ज्वालामुखीचा प्रवास. टॅव्हर्निए तिथे गेला आणि झपाटला. पुढची चार-पाच वर्षं लाव्हाच लाव्हा. तैलरंगात, पेस्टलमध्ये, शिवाय एक भलंमोठं पॅनोरमाही, म्हणजे लोकांनी तिकीट काढून बघायचं लांबलचक चित्र. असे ज्वालामुखी रंगवणाऱ्या तेव्हाच्या चित्रकारांच्या गटाला आज 'व्होल्केनो स्कूल' म्हणतात. नावात स्कूल, पण ना इमारत ना हजेरीपट.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. हिलोत डेव्हिड हॉवर्ड हिचकॉक नावाचा तरुण होता, जन्म १८६१, मिशनऱ्यांचा नातू. हौशी चित्रं काढायचा. त्याला टॅव्हर्निएने हाताशी धरलं आणि बरोबर हिंडवलं. नंतर हा हिचकॉक पॅरिसला जाऊन शिकला, १८९३ मध्ये परतला, पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांबरोबर होनोलुलूत किलोहाना आर्ट लीग ही कलावंतांची संस्था काढली, १९०७ मध्ये काउआई बेटावरची वाइमेआ दरी रंगवायला गेला आणि १९४३ मध्ये वारला तोवर बेटं रंगवतच होता. गुरूला मात्र एवढं आयुष्य लाभलं नाही. टॅव्हर्निए १८ मे १८८९ ला होनोलुलूत गेला, पंचेचाळिशीत. उधारी फेडल्याशिवाय त्याला बेटं सोडता येत नव्हती असं चरित्रांत येतं. कबरीवरचा दगडसुद्धा सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच्या जुन्या क्लबाने पाठवला.

मी स्वतः किलाउएआला गेलो तेव्हाची फजिती सांगतो. जागा चार हजार फुटांवर, हवा आपल्या महाबळेश्वरसारखी, आणि पाऊस कधी येईल सांगता येत नाही. डिसेंबर २०२४ पासून तिथे लाव्हाची कारंजी अधूनमधून उडतात, चालू-बंद, चालू-बंद. आम्ही गेलो तेव्हा नेमकं बंद. नुसता धूर आणि अंधार पडल्यावर धुराच्या पोटाला लाल झळाळी. मी पॅड काढलं, पोस्टर कलर काढले, जावयाने डोक्याला बांधायची बॅटरी दिली. उत्साहाच्या भरात आधी लाल लावला. सुंदर लाल! मग भोवती काळा लावायला गेलो तर काळा ओल्या लालात शिरला आणि कागदावर जे झालं त्याला आमच्याकडे 'विटकरी' म्हणतात. बॅटरीच्या उजेडात लाल कुठला आणि तपकिरी कुठला तेही कळेना. वरून पावसाची सर. चौतीस वर्षं पोरांना "हलक्याकडून गडदाकडे जा" शिकवलं, आणि इथे उलटं होतं. आधी अंधार रंगवायला हवा होता, तो पूर्ण वाळू द्यायला हवा होता आणि लाल अगदी शेवटी, तोही चिमूटभर.

तेव्हा कळलं की ही मोठी तैलचित्रं काठावर बसून पुरी होणं शक्य नाही. तिथे बसून नुसती टिपणं करायची, बाकी डोळ्यांत भरून न्यायचं आणि स्टुडिओत उतरवायचं. म्हणजे आपल्या एलिमेंटरीचा 'स्मरणचित्र' पेपर की हो! पोरं ज्याला सगळ्यात जास्त शिव्या घालतात तोच.

तुमच्यापैकी कोणी तिकडे राहतं का? आणखी माहिती असल्यास लिहा.

आळूवडी

मास्तर, पहिलाच धागा आणि असा! 'विटकरी'ला हसून हसून पुरेवाट. त्या चित्राचा फोटो टाका ना, फजितीचा.

कातळवेडा

छान लिहिलंय. माझ्या विषयातलं थोडं अवांतर.

किलाउएआची लाव्हा बेसाल्टी, आणि आपला सह्याद्रीही बेसाल्टच. पण एकमेकांचे नातेवाईक नाहीत. आपले थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांचं मूळ रियुनियन बेटाखालच्या तप्तस्थळाशी, म्हणजे पृथ्वीच्या पोटातला तप्त खडक जिथे वर येतो त्या जागेशी, जोडतात. हवाईचं तप्तस्थळ वेगळं. गंमत भाषेची आहे. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्हाला हवाईत 'पाहोएहोए' म्हणतात आणि खडबडीत, चालताना चप्पल फाडणारीला 'आ-आ'. हे दोन्ही हवाईयन शब्द जगभरच्या भूशास्त्रात जसेच्या तसे गेले. आम्ही नाशिक-धुळ्याकडे दगडाचे थर बघत फिरायचो तेव्हा सर कातळावर हात ठेवून सांगायचे, "ही पाहोएहोए बरं का." हवाई नकाशावर कुठे आहे हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, शब्द मात्र तोंडपाठ.

मास्तर, दिवसा लाव्हा बघितली असती तर आणखी फसला असता. वरची साय निवून रुपेरी-काळी होते, लाल दिसतो तो फक्त भेगांतून. म्हणून हे सगळे रात्रीचे चित्रकार.

रोखठोक_आजोबा

मला हे कौतुक जरा जास्त वाटलं. माणूस दारुडा, कर्जबुडवा, आणि आपण त्याला गुरू म्हणून ओवाळतोय. कलावंत म्हटलं की सगळं माफ, ही आपली जुनी खोड. त्याच्या दुकानदाराला विचारा, ज्याचे रंगाचे पैसे बुडाले.

दुसरं म्हणजे ही चित्रं विकत कोण घेत होतं? ज्वालामुखी बघायला येणारे पैसेवाले प्रवासी. रंगीत फोटो नव्हते म्हणून हे चालायचं. आजच्या भाषेत फ्रिजवरचं मॅग्नेट, फक्त मोठं.

ड्रॉइंगमास्तर

आजोबा, दुसरा मुद्दा मान्य. प्रवासी नसते तर व्होल्केनो स्कूलही नसतं. काठावरचं 'व्होल्केनो हाउस' हे हॉटेल त्यांच्यासाठीच. १८७७ ची त्याची लाकडी इमारत अजून उभी आहे, तिच्यात आता व्होल्केनो आर्ट सेंटर आहे. मी आत जाऊन आलो, जुन्या लाकडाचा वास येतो. हॉटेलात १८६५ पासून पाहुण्यांची एक वही होती. आज लाव्हा किती उंच, कुठल्या बाजूला, असं लोक तिच्यात लिहायचे, कोणी चित्रही काढायचे. त्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांना उपयोगी पडल्या. तेव्हा मॅग्नेट म्हणा, पण त्या वेळी बसून बघितलेलं मॅग्नेट.

पहिल्या मुद्द्याबद्दल. मी ज्यांच्याकडे शिकलो ते सरही पीत. नाव गाव सांगत नाही. सकाळच्या तासाला हात थरथरायचा म्हणून फळ्यावर वर्तुळ आम्हा पोरांकडून काढून घ्यायचे. एकदा आम्हाला नदीवर नेलं आणि म्हणाले, "रंग काढायचे नाहीत. तासभर नुसतं पाण्याकडे बघा आणि मला सांगा पाणी निळं कुठे आहे." कुठेच नव्हतं. हिरवं होतं, मातकट होतं, ढगाखाली पांढरं होतं. त्यांनी माझ्या वडिलांकडून उसने घेतलेले पन्नास रुपये परत आले नाहीत. आई शेवटपर्यंत त्यांचं नाव काढू देत नव्हती. आणि मी चौतीस वर्षं तोच पाण्याचा तास घेतला. दोन्ही खरंच आहे, आजोबा. मला त्याची बेरीज करता येत नाही.

रोखठोक_आजोबा

हं. पन्नास रुपये तेव्हाचे म्हणजे बरेच.

हिलोकर

उशिरा पोचलो धाग्यावर. बारा वर्षं हिलोत आहे, मूळचा चिपळूणचा, त्यामुळे पावसाला घाबरत नाही. इथला पाऊस आणि आपला पाऊस यांत फरक एवढाच की इथे भजी मिळत नाहीत.

मास्तर, लेख मनापासून आवडला. पण हवाईचे चित्रकार म्हणून तुम्ही जी दोन माणसं घेतलीत त्यांतला एक फ्रेंच आणि दुसरा मिशनऱ्यांचा नातू. इथल्या बोलीत दोघेही 'हाओले', गोरे परके. हिचकॉक जन्माने हिलोचा, ते खरं. पण ज्या विवराला ही मंडळी 'लेक ऑफ फायर' म्हणत रंगवत होती त्याला इथल्या लोकांचं नाव आहे हालेमाउमाउ, म्हणजे आमाउ नेच्याचं घर. ते पेलेचं ठिकाण. पेले ही देवी, आणि लाव्हा तिचंच रूप. रस्त्याकडेला ओहेलोची तांबडी फळं लागतात, ती आधी पेलेला देऊन मग तोंडात घालायची रीत. माझी शेजारीण अजून पाळते. चित्रात ते येत नाही, कारण चित्रकाराला ते दिसत नव्हतं.

आणि आता खरं सांगायचं ते. त्याच काळात, याच गावात, एक अस्सल हवाईयन चित्रकार होता आणि तोही मास्तर होता. जोसेफ नावाही. जन्म १८४२, हिलोशेजारच्या पुना भागातला. हिलोच्या बोर्डिंग शाळेत आणि माउईवरच्या लाहाइनालुनात शिकला, पुढे हिलोच्याच शाळेत शिकवलं. चित्रकला मात्र स्वतःच्या स्वतः शिकला, वकिलीसुद्धा. १८७२ मध्ये कायदेमंडळात निवडून गेला. अमेरिकेबरोबरच्या व्यापारी कराराला त्याचा कडाडून विरोध होता. १८९२ मध्ये अगदी औटघटकेचा परराष्ट्रमंत्री झाला. १८९३ मध्ये कालाकौआनंतर गादीवर आलेल्या राणी लिलिउओकलानीला पदच्युत केल्यावर 'हुई आलोहा आइना' या देशप्रेमी संघटनेचा अध्यक्ष. १८९४ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. जामिनावर सुटला तो क्षयाचं दुखणं घेऊन. तशातही १८९५ मध्ये बायको एमा हिच्याबरोबर 'के आलोहा आइना' हे हवाईयन भाषेतलं वर्तमानपत्र काढलं. १८९६ मध्ये उपचारासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथेच वारला. पुढच्या वर्षी हवाई अमेरिकेत विलीन करण्याविरुद्धच्या अर्जावर एकवीस हजारांवर सह्या जमल्या, त्या गोळा करायला एमा गावोगाव फिरली.

त्याची चित्रं मोजकीच उरली आहेत. एक आहे हिलोच्या उपसागराचं, १८८८ चं. जुन्या वस्तूंची किंमत सांगणाऱ्या एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात ते लोकांसमोर आलं आणि एकदम चर्चा झाली. तारीख बघा मास्तर. हिचकॉकचं हालेमाउमाउही १८८८ चंच. एकाच गावातले दोघे, एकाच वर्षी. एकाचं तोंड डोंगराकडे, एकाचं समुद्राकडे.

पोस्टकार्ड

हिलोकर, जबरदस्त. लाहाइनालुनाबद्दल एक भर. ही मिशनऱ्यांची शाळा १८३१ ची, आणि १८३० च्या दशकातच तिथल्या हवाईयन विद्यार्थ्यांनी तांब्याच्या पत्र्यावर नकाशे आणि गावांची दृश्यं कोरून छापली. म्हणजे टॅव्हर्निए बोटीतून उतरायच्या पन्नास वर्षं आधी. चित्रकला त्याने तिथे आणली असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

आणि कालाकौआ १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाला तेव्हा कलकत्त्याला उतरून रेल्वेने मुंबईलाही आला होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला राजा म्हणून त्याचं नाव घेतात. आजी सांगायची तशा गोष्टीतल्या राजासारखं, पण आगगाडीने.

कातळवेडा

कालाकौआ तिकडे हिंडत होता तेव्हा इकडे हिलो जळायच्या बेतात होतं. त्याच बेटावरच्या माउना लोआ या दुसऱ्या ज्वालामुखीची लाव्हा १८८० च्या नोव्हेंबरात निघाली आणि १८८१ च्या ऑगस्टपर्यंत सरकत गावाच्या वेशीपर्यंत आली. राजघराण्यातली राजकन्या रूथ केएलिकोलानी होनोलुलूहून आली आणि तिने लाव्हेपुढे रेशमी रुमाल आणि ब्रँडी वाहिली. लाव्हा थांबली. भूशास्त्रज्ञ म्हणून मी यावर काही बोलणार नाही. चार्ल्स फर्नो नावाच्या चित्रकाराने तो उद्रेक रंगवला, टॅव्हर्निएच्या चार वर्षं आधी. हिचकॉक तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, त्याच गावात. घराच्या मागे आकाश लाल असताना मोठा झालेला मुलगा. त्याला ज्वालामुखी रंगवायला गुरू लागलाच असेल का, मला शंका आहे.

ड्रॉइंगमास्तर

कातळवेडा, आकाश सगळ्या हिलोलाच लाल दिसत होतं. रंगवलं किती जणांनी? कोणीतरी "चल" म्हणावं लागतं. शाळेत माझ्या तासाला गणिताचे सर "जरा पोर्शन राहिलाय" म्हणून घुसायचे, महिनोन् महिने. पोरांच्या हातात ब्रश होता, डोळे होते, पण "चल" म्हणायला मी वर्गातच नसायचो.

हिलोकर, तुम्ही मला चांगलंच पकडलंत. मी हिलोत एक दिवस होतो. समुद्राकाठच्या बागेत बसून डबा खाल्ला, समोर तोच उपसागर. नावाहीचं नावही माहीत नव्हतं. आता त्या चित्राचं छायाचित्र शोधून तासभर बघत बसलो. धागा काढताना वाटलं होतं मी माहिती देतोय. शीर्षकात 'हवाईयन' लिहिणार होतो, बरं झालं नाही लिहिलं.

आळूवडी

मास्तर, फजितीचा फोटो अजून आला नाही.

पोस्टकार्ड

एक राहिलं. चार्ल्स बार्टलेट नावाचा इंग्रज चित्रकार, जन्म १८६०. आधी भारतात हिंडून गेला, ताजमहाल, काशी, उदयपूर असं बरंच काढलं. मग जपानमध्ये वातानाबे नावाच्या प्रकाशकाने १९१६ मध्ये त्या चित्रांचे लाकडी ठसे काढले. १९१७ मध्ये मायदेशी जाता जाता हवाईत थांबला आणि मग कायमचाच थांबला, १९४० मध्ये तिथेच वारला. लाटांवर फळी घेऊन उभे राहणाऱ्यांची त्याची ठसेचित्रं बघा. पाण्याच्या निळ्यावर मास्तरांचं मत ऐकायला आवडेल.

ड्रॉइंगमास्तर

बघितली. निळा आहे, मान्य, पण एकसारखा नाही. लाट वळते तिथे तो हिरव्याकडे गेलाय. आमच्या सरांनी दहापैकी आठ दिले असते.

आळूवडी, फोटो काल टाकणार होतो, पण दुसरा प्रयत्न करून मगच टाकावा म्हटलं. आधी काळा लावला. दोन हात दिले, पंख्याखाली रात्रभर वाळवला. सकाळी सौ. म्हणाल्या, "हे काय, पाटी रंगवलीत?" मग धुरासाठी थोडा करडा, कोरड्या ब्रशने. लाल अजून लावलेला नाही. बाटली उघडून दोनदा बंद केली.

हिलोकर

घाई करू नका. इकडे आज सकाळपासून कारंजं पुन्हा सुरू झालंय, पण ढग इतके की अंगणातून काही दिसत नाही. रात्री वर जाऊन बघतो. रंग कसा दिसतो ते लिहून कळवतो, फोटो नाही पाठवत. तुम्ही त्यावरून लावा.